उघडी मुळं

१

भर पावसात, नुकती तापातून उठलेली ताई परसात कशाला गेली होती?

मी हे सगळ्यांना विचारलं. भावजींना विचारलं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. शेजारच्या पार्वतीकाकूंना विचारलं. आम्हाला सुतक, म्हणून जेवण त्यांच्याकडून यायचं. त्या डबा खाली ठेवून म्हणाल्या, "आधी दोन घास खा." ओरछ्याला बेतवा नदीत अस्थी सोडल्या तेव्हा तिथल्या पंडितजींना विचारलं. ते पायरीवरचं शेवाळ दाखवून म्हणाले, "बेटा, संभल के उतरो, काई है."

तेरा दिवस मी विचारत होतो आणि तेरा दिवस लोक मला जेवायला वाढत होते.

मी विश्वंभर. तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मोठी लढाई संपून एक वर्ष झालं होतं. आईवडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा, आणि प्रेमलाताई नुकतंच लग्न होऊन नाशकाकडून झाशीला आलेली. तिने मला बोलावून घेतलं. भावजी, म्हणजे यज्ञेश्वरराव, मालगाडीवर गार्ड. रेल्वेच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे परसू. मी शाळा चौथीत सोडली. कारखान्यात दोनदा लागलो आणि दोनदा भांडून सुटलो. ताईला मूलबाळ नव्हतं. तिला मी होतो आणि परसातले सात गुलाब होते. आमच्यापैकी गुलाब तिचं जास्त ऐकायचे.

२

गुलाबाचं एक काम इथे दसऱ्यानंतर करतात. फांद्या छाटायच्या, बुंध्याभोवतीची माती वीतभर खोल काढायची आणि मुळं उघडी ठेवायची. आठ दिवस त्यांना ऊन खाऊ द्यायचं. मग शेणखत घालून आळं भरून टाकायचं. थंडीत अशी फुलं येतात की वसाहतीतले लोक कुंपणाशी थांबतात. हे ताईला हलके नावाच्या म्हाताऱ्या माळ्याने शिकवलं होतं. पण मुळं उघडी असताना पाऊस लागला तर झाड कुजतं. म्हणून पाऊस गेल्याची खात्री झाल्याशिवाय कुणी खुरपं उचलत नाही.

त्या वर्षी पाऊस जायला तयार नव्हता. लावलेला लसूण वाफ्यातच सडला. फ्लॉवरची रोपं दोनदा काढून उंच वाफ्यावर लावावी लागली. शेवंतीला आधाराला काठ्या बांधल्या तर त्या काठ्यांवर बुरशी चढली. परसातल्या चरीतला गाळ मी रोज काढायचो आणि रोज ती तुंबायची. नवरात्रात मात्र दोन दिवस लख्ख ऊन पडलं. ताई हिवतापातून नुकती उठली होती. मी म्हटलं, आज मुळं उघडतो.

"दसरा होऊ दे," ती म्हणाली.

"ऊन बघ किती आहे."

"विश्वा, तुला काम सुरू करायची घाई असते, संपवायची नसते. एक तरी काम तडीस ने, मग मला शहाणपण शिकव."

मला राग आला. दुपारी ती झोपली तेव्हा मी एका दमात सातही आळी उघडली. ती उठून परसात आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग हसली. "नको म्हटलं की तुझे हात शिवशिवतात. आता ढगांवर लक्ष ठेव. आभाळ आलं तर लगेच भरून टाक."

"टाकतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोस्तांबरोबर ट्रकवर बसून मी बरुआसागरला गेलो. तलाव भरून वाहतोय म्हणे, तो बघायला. बारा वाजता पाऊस आला. मी संध्याकाळी भिजत परत आलो तेव्हा सातांतली तीन आळी भरलेली होती. मला वाटलं, हलके येऊन गेला. ताई दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. नवमीला तिची छाती भरली आणि ती गेली.

आज मी हे एकाला एक जोडून सांगतोय. तेव्हा जोडत नव्हतो. मला राग होता आणि रागाला माणूस लागतो. मी भावजींना धरलं. त्यांचा युनिफॉर्म त्या दिवशी दोरीवर वाळत होता. त्यांनीच तिला तो काढायला पावसात पाठवलं असणार, असं मी ठरवून टाकलं.

३

चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं. सकाळी हलके माळी आला. काळा, वाकलेला, डोक्यावर पोत्याची खोळ. उघड्या आळ्यांशी उभा राहून त्याने जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

"चार खुली डरीं, भैया. भर दें?"

"राहू दे."

"जड़ें सड़ जैहें."

"सडू देत."

मला खरंच ती झाडं मरायला हवी होती. ताई गेली आणि ही पानं फुटत उभी, हे माझ्याच्याने बघवत नव्हतं.

"तीन आळी तूच भरलीस ना?" मी विचारलं.

"हम तौ नौरात सें आये नइयाँ. हमें खुदई बुखार हतो." तो वाकला, भरलेल्या आळ्यावर हात ठेवला. "जौ तौ बाई कौ हाथ आय. देखो, ऐसें थपथपात तीं." आणि बोटं पसरून त्याने माती थोपटून दाखवली.

म्हणे बाईंचा हात! मी त्याला म्हटलं, घरी जा. जरा ओरडूनच म्हटलं.

दुपारी पाऊस आला. भावजी पुढच्या खोलीत होते, मी मधल्या खोलीत जमिनीवर पडलो होतो. पत्र्यावर पावसाचा आवाज, पागोळ्यांचा आवाज. त्यात तिसरा एक आवाज होता. खुरप्याचा. तीनदा खरवडायचं, थांबायचं, ढेकूळ फोडायचं, मग थोपटायचं. ओली माती थोपटल्याचा आवाज भाकरी थापल्यासारखा असतो. मी पडल्या पडल्या मोजत होतो, कारण तो आवाज मी नऊ वर्षं ऐकला होता. ऐकताना तो कुणाचा हे विचारायचं मला सुचलंच नाही.

पाऊस थांबल्यावर मी परसात गेलो. चौथं आळं भरलं होतं. वर पंजाची खूण होती, पाच बोटं, स्पष्ट. बाजूच्या सगळ्या मातीवर थेंबांची भोकं पडली होती. त्या पंजावर एकही नव्हतं.

४

भावजी पुढच्या खोलीत हातदिव्याची काच पुसत होते.

"तुम्ही भरलंत?"

"काय?"

"आळं. सोंग करू नका. ती जिवंत होती तेव्हा परसात पाऊल टाकलं नाहीत, आता पुळका आला?"

"मी इथून उठलो नाही, विश्वा."

"मग कुणी भरलं? स्टेशनमास्तरने?"

त्यांनी काच दिव्यात बसवली. त्यांची चप्पल दाराशी होती, कोरडी. धोतराला चिखलाचा ठिपका नव्हता. मला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणून मी अजून चिडलो.

"त्या दिवशी दोरीवरचे कपडे काढायला तुम्ही तिला पाठवलंत. गार्डसाहेबांचा कोट भिजला असता ना."

"मी दहाला ड्यूटीवर गेलो होतो."

"जाताना सांगितलं असेल."

"जाताना सांगितलं की पडून राहा. एवढंच सांगितलं."

"खोटं बोलता."

असं मी त्यांना कधी बोललो नव्हतो. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चहा करतो. घेशील?"

मी फावडं घेतलं आणि परसात गेलो. सातही आळी पुन्हा उघडली. तिने भरलेली पहिली तीनसुद्धा. मुळं तुटली तरी थांबलो नाही. कुंपणापलीकडून पार्वतीकाकू म्हणाल्या, "अरे, झाडांनी काय केलंय तुझं?" मी म्हटलं, "तुम्ही तुमची भाजी बघा, करपतेय." त्यांची भाजी करपत नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहिलो. तिथून सगळं परसू दिसतं. गुलाब एका ओळीत आहेत, पहिला पार कुंपणाशी, सातवा दाराच्या पायरीला लागून. भावजी कामावर गेले होते. चारच्या सुमाराला पाऊस आला, वारा नाही, सरळ उभा पाऊस.

कुंपणाशी पहिल्या गुलाबापुढे जमिनीचा एक तुकडा कोरडा होता.

आधी मला वाटलं, तिथे पोतं पडलंय. मग रंग कळला. सगळं परसू काळं, चकचकीत, आणि तेवढीच जागा फिकट, वैशाखात असते तशी. बाई उकिडवी बसते, लुगडं भोवती पसरतं, तेवढी. वर झाड नव्हतं. पत्र्याची वळचण तिथून दहा हात लांब. पाऊस तिच्या चारी बाजूंनी पडत होता आणि त्या जागेवर पडत नव्हता.

खुरप्याचा आवाज येत होता. तीनदा, आणि थांबून.

मी डोकं लढवलं. शाळा कमी झाली म्हणून मी खुळा नाही. खाली दगड असेल, पाणी निथळून जात असेल. उंचवटा असेल. माझ्या डोळ्यांत रात्रभरचं जागरण होतं. मी बघत असताना आळ्याच्या काठावरची माती आत सरकत होती, थोडी थोडी. मी म्हटलं, पावसाने खचतेय. पावसाने खचलेली माती थोपटली जात नाही, हेही मला माहीत होतं.

मग तिथून कुणी तरी खोकलं. बाईमाणूस तोंडावर पदर धरून खोकतं तसं.

पाऊस ओसरल्यावर मी गेलो. आळं भरलेलं. मी त्या कोरड्या जागी जाऊन बसलो, मुद्दाम, उकिडवा. तेवढ्यात एक सर पुन्हा आली. मी पुरता भिजलो. तिथे माझ्यावर पाऊस पडत होता. खाली दगड नव्हता, मी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं.

६

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही.

माझं डोकं असं चाललं: ती असेल तर येऊ दे. मला तिलाच विचारायचं होतं. बाकीचे सांगत नाहीत, ती सांगेल. आणि तिला आणायचा रस्ता मला सापडला होता. आळी उघडी ठेवली की ती येते. म्हणून मी रोज सकाळी फावडं घेऊन सगळी उघडायचो, आणि दुपारी खिडकीत बसून आभाळाची वाट बघायचो. आभाळ त्या आठवड्यात रोज आलं.

दुसऱ्या दिवशी ती दोन आळी भरून गेली. ती दुसरं आळं भरत असताना मी खिडकीतून हाक मारली. "ताई, कशाला गेली होतीस?" खुरप्याचा आवाज थांबला. पाऊस पडत राहिला. मग पुन्हा तीनदा खरवडल्याचा आवाज. तिला बोलायला वेळ नव्हता. पुढे पाच बाकी होती.

तिसऱ्या दिवशी मी फावडं उचलायच्या आधीच हलके कुंपणाबाहेरून बघून गेला. आत आला नाही. "काय भैया," तो म्हणाला, "रोज खोदत हौ, रोज को भर जात?"

"तुला काय करायचंय?"

"हमें कछू नईं करनें." त्याने खोळ पुढे ओढली. "पै जो भर रओ, बौ थक रओ. माटी देखो."

मी माती पाहिली. त्याचं खरं होतं, भरणारं दमत चाललं होतं. पहिल्या दिवशी थोपटलेली माती गुळगुळीत होती. आता ढेकळं तशीच राहिली होती, पंजाची खूण उथळ झाली होती. बोटं मातीत रुतलीच नव्हती, नुसती टेकली होती.

त्या दुपारी कोरडी जागा मुलाएवढी होती. चौथ्या दिवशी ताटाएवढी. खोकला मात्र आता खुरप्यापेक्षा जास्त ऐकू येत होता. एकदा खरवडणं, मग खोकला. बराच वेळ खोकला. मग एकदा खरवडणं. आणि मागची आळी मी पुन्हा उघडली तरी ती मागे वळत नव्हती, प्रत्येक आळ्यागणिक ओळ धरून घराकडे सरकत होती. पाचवा गुलाब. सहावा. सातव्यापासून दार एक पाऊल आहे. तरी मी तिच्यावर चिडतच होतो. खिडकीच्या गजांवर मूठ आपटून मी ओरडलो, "सांगून टाक ना एकदा. कुणाचं नाव घेणार आहेस, घे."

सहाव्या गुलाबापाशी ते ताटाएवढं कोरडं थरथरलं. कडेकडेने त्यावर थेंब पडू लागले.

७

भावजी पाचव्या दिवशी सकाळी ड्यूटीवरून आले. डोळे लाल. मी फावड्याला टेकून परसात उभा होतो, सातही आळी उघडी. ताई गेल्यापासून ते पहिल्यांदाच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. पायरी उतरले नाहीत.

"आज नको उघडू," ते म्हणाले.

"तुम्हाला ऐकू येतं?"

"मी लागोपाठ ड्यूट्या का मागून घेतो, तुला काय वाटतं?"

मला ते कळायला वेळ लागला. मग मी चिडून म्हटलं, "ऐकू येतं तर विचारत का नाही तिला? का सांगत नाही मला? कशाला गेली होती ती?"

ते चौकटीला धरून खाली बसले. गार्डाचा कोट, पितळी बटणं, आणि माणूस म्हाताऱ्यासारखा बसला.

"विश्वा, मला हे विचारू नकोस."

"का?"

"मी सांगणार नाही. पार्वतीकाकूंनाही मी सांगितलंय, कुणी सांगायचं नाही. तिनेच घातलेली शपथ आहे. शेवटच्या दिवशी बोलता येत नव्हतं, तरी माझा हात धरून घातली." त्यांनी नाक पुसलं. "तू कितीही शिव्या दे. खोटारडा म्हण. मी ऐकून घेईन. पण ते मी तुला सांगणार नाही."

मी खाली पाहिलं. हातात फावडं होतं. फावड्याच्या पात्याला मुळाची साल चिकटली होती.

माणसाला मूठ मारली की आधी आवाज येतो, दुखतं नंतर. तसं झालं. बरुआसागरचा तलाव आठवला. सांडव्यावरून पाणी कोसळत होतं आणि मी हसत होतो, आणि कुणीतरी म्हणालं होतं, झाशीकडे बघ कसं काळं झालंय. मी पाहिलं होतं. मला आळी आठवली होती. खरं सांगतो, आठवली होती. मी म्हटलं होतं, जाऊ दे.

चार दिवस मला वाटत होतं की तिथे पाऊस पडत नाही. सगळा पाऊस पडत होता. तो तिच्या अंगावर पडत होता म्हणून खाली जमीन कोरडी होती. तापातून उठलेल्या बाईला मी रोज सकाळी उठून पुन्हा पावसात पाठवत होतो.

वर पाहिलं तर आभाळ भरून आलं होतं.

८

मी फावडं टाकलं आणि हातांनी सुरुवात केली. कुंपणाकडून. कोपऱ्यात ठेवलेल्या शेणखताच्या पाट्या ओढत आणल्या. मुळं सरळ केली, तुटलेली छाटली, खत घातलं, माती ओढली. भावजी पायरीवर उभे राहिले. मग कोट काढून खाली उतरले आणि मला पाट्या देऊ लागले. दुसरं आळं भरत असताना पहिले थेंब आले. तिसऱ्याला सर. माझे हात चालत होते, पण घाईने काम नासतं, म्हणून मी ढेकळं फोडत होतो, एक एक.

"विश्वा," भावजी हळूच म्हणाले. पाटी त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

ती दुसऱ्या टोकाला आली होती. सातव्या गुलाबाशी, पायरीपाशी. बशीएवढी कोरडी जागा.

चौथं आळं. पाचवं. मी तिकडे बघितलं नाही. खुरप्याचा आवाज नव्हता, नुसती नखं मातीत ओढल्यासारखा आवाज होता, आणि खोकला. सहावं भरून मी गुडघ्यांवर सरकत सातव्यापाशी गेलो. आता आमच्यामध्ये एक झाड होतं. सातव्या आळ्यातली माती पलीकडच्या काठावरून आत घसरत होती, चिमूट चिमूट. मी इकडून ओंजळीने ओढू लागलो.

मग मी मान वर केली. मी करायला नको होती. पावसाच्या धारा हवेतच एका जागी फुटत होत्या, आणि त्या फुटत होत्या तिथे मला एक पाठ दिसली. वाकलेली. ओल्या पोलक्याखाली मणके, इतके वर आलेले की मोजता यावेत. डोकं खाली होतं. ते वर यायला लागलं.

"ताई, नको," मी म्हटलं. "माझ्याकडे बघू नकोस. मीच उघडली होती. मी भरतोय. तू आत जा."

मी डोळे खाली घातले. मातीत माझे दोनच हात होते. मी ते काम तडीस नेलं. माती दाबली, वर थोपटली. समोरच्या बशीएवढ्या जागेवर एक थेंब पडला. मग दुसरा. मग ती जागा बाकीच्या परसासारखीच काळी झाली. भावजी माझ्या मागे काहीतरी पुटपुटत होते. ते तिचं नाव होतं की देवाचं, मी विचारलं नाही.

मी उठलो, भावजींना पुढे घालून पायरी चढलो आणि स्वयंपाकघराचं दार आतून पूर्ण उघडलं. पाऊस चुलीपर्यंत आत येत होता. मी भिंतीकडे तोंड करून दाराच्या फळीला पाठ लावून उभा राहिलो. बाहेरच्या बादलीतलं पाणी पायांवर घेऊन आत यायला बाईमाणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी दार धरून ठेवलं. मग कडी लावली.